सांबऱ्याच्या धावपट्टीवरून पहिली उड्डाणे: शिकाऊ वैमानिकाने टेकऑफचे अपघात टाळण्यासाठी पाळायचा क्रम

खानापूर तालुक्यातील माझ्या गावी सुट्टीला गेलो की शेजारी हटकून एकच प्रश्न विचारतात, "विमान उतरवताना भीती वाटत नाही काय रे?" टेकऑफविषयी आजवर कोणीही विचारलेले नाही. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला माझीही समजूत अशीच होती, कारण थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) पुढे ढकलायचा आणि ठरलेल्या वेगाला नाक उचलायचे एवढेच टेकऑफमध्ये असते असे वाटे. प्रत्यक्षात त्या अर्ध्या मिनिटात इंजिन पूर्ण जोरावर असते, वेग कमी असतो, उंची जवळजवळ नसते आणि चूक दुरुस्त करायला वेळ तर अजिबात नसतो. उतरताना काही बिनसले तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येतो, टेकऑफमध्ये मात्र तशी सवलत फारच थोडी मिळते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, प्रशिक्षणाला आलेल्या आणि पहिल्या वीस-तीस तासांत असलेल्या मुलामुलींसाठी हा क्रम लिहिला आहे. यातील आकडे प्रामुख्याने सेस्ना १५२ आणि सेस्ना १७२ एस या विमानांचे आहेत. तुमचे विमान वेगळे असेल तर त्याची पुस्तिका आणि तुमचे इन्स्ट्रक्टर यांचाच शब्द अंतिम माना.

१. कागदपत्रे आणि साधने

शिकाऊ वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १६ वर्षे आणि दहावी उत्तीर्ण ही अट आहे, तर व्यावसायिक परवान्यासाठी वय १८ वर्षे आणि २०० तासांचे उड्डाण लागते. आपल्या सीमाभागातील मुलांची खरी अडचण नावात असते. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, एसएसएलसीच्या (कर्नाटकातील दहावीच्या) गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधार कार्डावर वडिलांचे नावच गायब, असा प्रकार सर्रास आढळतो. सर्व कागदांवर नाव अक्षरशः एकसारखे करून घेतल्याशिवाय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पोर्टलवर अर्ज भरू नका, नाही तर काही महिने निव्वळ पत्रव्यवहारात जातील.

उड्डाणाच्या दिवशी जवळ असायलाच हव्यात अशा वस्तू थोड्या आहेत: परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, लॉगबुक, विमानतळाचा प्रवेश पास, विमानाची पुस्तिका, छापील चेकलिस्ट, इंधनाचा नमुना काढण्याची पारदर्शक नळी, मांडीवर बांधायची पाटी आणि दोन पेने. मोबाइलमधील चेकलिस्टवर विसंबू नका, कारण उन्हात पडदा दिसत नाही आणि नेमका नको त्या वेळी फोन येतो.

२. वजनाचा हिशेब आदल्या रात्री

सेस्ना १५२ चे कमाल वजन ७५७ किलो आहे. तुमच्या विमानाचे रिकामे वजन ५२० किलो आहे असे धरले, तर उरतात २३७ किलो. नेहमीच्या टाक्यांत वापरता येणारे इंधन सुमारे ९३ लिटर मावते आणि त्याचे वजन ६७ किलोच्या आसपास भरते. म्हणजे टाक्या भरल्यावर दोन माणसे आणि पिशव्या मिळून १७० किलोच उरतात. ८५ किलोचे इन्स्ट्रक्टर आणि ८५ किलोचा विद्यार्थी बसले की पाण्याच्या बाटलीलाही जागा राहत नाही. मुले हा हिशेब एकदा करतात आणि पुढे महिनाभर तोच कागद नव्या तारखा घालून दाखवतात. इन्स्ट्रक्टर बदलले की आकडा बदलतो, इंधन बदलले की पुन्हा बदलतो, त्यामुळे हिशेब दर वेळी नव्याने मांडावा लागतो.

३. सांबऱ्याची उंची आणि चैत्र-वैशाखातील ऊन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये उभारलेला सांबऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर, म्हणजे जवळपास २,४९० फूट उंचीवर आहे. त्या उंचीवर प्रमाण वातावरणात तापमान १० अंश असावे असे गृहीत धरलेले असते. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे ३५ अंश असतात. प्रत्येक जादा अंशामागे साधारण १२० फूट धरले तर २५ अंशांचे ३,००० फूट होतात आणि विमानाला आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५,५०० फुटांवर आहोत असे वाटू लागते. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे ढोबळमानाने तीन टक्के शक्ती गमावते, म्हणजे सेस्ना १५२ च्या ११० अश्वशक्तीच्या इंजिनातून हाती येतात ९२ च्या आसपास. पातळ हवेत पंख आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) दोन्हीही कमी काम करतात, ते आणखी वेगळेच.

येथे नवख्यांना एक गोष्ट हमखास फसवते. वेगदर्शकावरील आकडा बदलत नाही, नाक उचलायचे ते ५० नॉटलाच (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). परंतु विरळ हवेत ५० नॉट दाखवायला विमानाला जमिनीवरून अधिक वेगाने पळावे लागते, त्यामुळे धाव लांबते, खिडकीबाहेरचे गवत जोरात मागे सरकते आणि "आता पुरे झाले" असे वाटून हात आपोआप योक (विमानाचे हँडल) ओढू लागतो. विमान तेव्हा उडायला तयार झालेले नसते. म्हणून डोळ्यांनी गवताकडे नव्हे तर वेगदर्शकाकडे विचारणा करावी.

दुसरा सापळा सांबऱ्याच्या धावपट्टीच्या लांबीचा आहे. २,३०० मीटरची धावपट्टी छोट्या विमानाला इतकी मोठी आहे की इंजिन आजारी असले तरी विमान कसेबसे उचलले जाते, आणि मग आजारी इंजिनासह आपण गावावर असतो. अर्ध्या धावपट्टीपर्यंत उचलायच्या वेगाच्या ७० टक्के वेग मिळाला नाही तर थांबावे, असा एक जुना ठोकताळा छोट्या धावपट्ट्यांसाठी चांगला आहे. येथे अर्धी धावपट्टी म्हणजे १,१५० मीटर, तेव्हा तो ठोकताळा काहीच सांगत नाही. त्याऐवजी पुस्तिकेतील तक्त्यावरून त्या दिवशीच्या तापमानाला लागणारी धाव काढा, तिच्यात निम्म्याने भर घाला, आणि धावपट्टीच्या कडेची एखादी खूण किंवा टॅक्सीमार्ग हेरून ठेवा. त्या खुणेपर्यंत चाके सुटली नाहीत तर थ्रॉटल मागे घ्यायचा, मग पुढे कितीही डांबर शिल्लक असो.

जमल्यास एप्रिल-मे महिन्यांत पहाटेची पाळी मागून घ्या. उठायचा कंटाळा येतो हे मान्य, पण १८-२० अंशांच्या हवेत तेच विमान वेगळे वाटते.

४. विमानाभोवतीची फेरी

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंगचे चार इंजिनांचे नवे नमुना विमान टेकऑफनंतर लगेच कोसळले. विमानात काहीही बिघाड नव्हता. उभ्या विमानाचे नियंत्रण-पृष्ठभाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला खोडा काढायचा राहिला होता. वैमानिकांच्या चेकलिस्टची पद्धत त्या घटनेनंतर रुजली. आपल्या छोट्या विमानात हाच खोडा योकमध्ये घातलेल्या सळईच्या रूपात असतो. तो काढून खिशात नव्हे, ठरलेल्या जागी ठेवा, आणि टेकऑफपूर्वी योक चारही दिशांना पूर्ण फिरवून एलेरॉन (पंखांवरील हलत्या पट्ट्या) आणि एलिव्हेटर (शेपटीवरील हलती पट्टी) योग्य बाजूला हलतात ना हे मान वळवून पाहा.

इंधनाचा नमुना काढताना तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का, हे सगळेच पाहतात. नमुना पूर्णच पाण्याचा असेल तर मात्र थेंब कुठेच वेगळा दिसणार नाही आणि नळी स्वच्छ भासेल. म्हणून रंग पाहावा. १०० एलएल हे विमानाचे पेट्रोल निळसर असते. पावसाळ्यात विमान रात्रभर उघड्यावर उभे असेल तर एका नमुन्यावर समाधान मानू नका. वेगदर्शकाला हवेचा दाब पोहोचवणाऱ्या पिटॉट नळीवरील आवरण काढले की नाही हे हाताने चाचपून पाहा.

सीटविषयी मी थोडे लांबवणार आहे, कारण ती चूक माझी आहे. पंधराव्या-सोळाव्या तासाच्या सुमारास, थ्रॉटल पूर्ण पुढे नेल्यावर माझी सीट एक खाच मागे घसरली. हातात योक होता, तोही माझ्याबरोबर मागे आला, पाय रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या) पेडलांपासून सुटले आणि नाक वर-डावीकडे गेले. शेजारून इन्स्ट्रक्टरांचा आवाज आला, "माझा कंट्रोल," आणि त्यांनी थ्रॉटल मागे घेऊन विमान धावपट्टीवर सरळ थांबवले. सीटची खीळ खाचेत बसली नव्हती एवढेच कारण. हा धोका जुना आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये सेस्नाच्या सीटच्या रुळांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची केली होती. तेव्हापासून मी बसल्यावर दोन्ही टाचा रोवून सीट पुढे-मागे जोराने हिसडतो, आणि धावपट्टीवर रांगेत उभा राहिल्यावर पुन्हा एकदा हिसडतो. सोबतचे हसतात, हसू द्या. एक मात्र ध्यानात ठेवा: सीट घसरलीच तर योक धरून स्वतःला सावरायचे नाही. योक सोडायचा आणि थ्रॉटल मागे घ्यायचा.

५. इंजिनाची चाचणी

सेस्ना १७२ एसमध्ये इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर ठेवून दोन्ही मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारी साधने) तपासताना एका मॅग्नेटोवर १५० पेक्षा जास्त फेऱ्या घटू नयेत आणि दोहोंतील फरक ५० पेक्षा जास्त नसावा. फेऱ्या अजिबात घटल्या नाहीत तर आनंदी होऊ नका, तोही दोष असू शकतो.

आषाढ-श्रावणात बेळगावची हवा २० ते २३ अंशांची आणि दमट असते. कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरण्यासाठी ही हवा अगदी सोयीची आहे, हे ऐकून घरच्यांना नवल वाटते, कारण गोठणबिंदू कोठेच नाही. परंतु पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना आतील तापमान वीसहून अधिक अंशांनी खाली जाऊ शकते. प्रवासी विमान येईपर्यंत तुम्हाला टॅक्सीमार्गावर दहा मिनिटे कमी फेऱ्यांवर थांबवले असेल, तर धावपट्टीवर शिरण्यापूर्वी कार्ब्युरेटर हीट (आत गरम हवा सोडणारी कळ) पुन्हा ओढून पाहा. फेऱ्या आधी घटून मग वाढू लागल्या, तर आत बर्फ होता असे समजा. टेकऑफपूर्वी हीट बंद करायला विसरू नका, गरम हवेने शक्ती कमी होते. इंधन आत फवारणाऱ्या इंजिनाला, जसे १७२ एसचे, कार्ब्युरेटरच नसते.

६. वारा पाहणे

धावपट्टीचे अंक ०८ आणि २६ आहेत (होकायंत्रावरील ८० आणि २६० अंश), म्हणजे ती साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. पावसाळी वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. तो २३० अंशांवरून २० नॉट असेल आणि तुम्ही २६ वरून निघत असाल, तर कोन ३० अंशांचा आणि आडवा वारा १० नॉटचा होतो. सेस्ना १५२ च्या पुस्तिकेत सिद्ध केलेला आडवा वारा १२ नॉट आहे, तोही अनुभवी वैमानिकाने सिद्ध केलेला. पुस्तिकेतील आकडा ही तुमची मर्यादा नव्हे. तुमची मर्यादा इन्स्ट्रक्टर लिहून देतील तीच.

वळीव ही आपल्याकडची खास गोष्ट आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग जमतात, हवा एकाएकी पडते आणि मग धुळीचा लोट उठतो. ढग १५-२० किलोमीटर दूर असला तरी त्यातून कोसळलेल्या थंड हवेचा झोत आधीच पोहोचतो आणि समोरचा वारा काही सेकंदांत पाठीमागचा होतो. नुकत्याच उचललेल्या विमानाचा वेग त्या क्षणी दहा-पंधरा नॉटांनी घटला तर हाताशी काहीच उरत नाही. अशा दुपारी विमान बांधून चहा घ्यावा. तासांची घाई असलेल्या मुलांना हे पटत नाही, मलाही पटत नसे.

७. तोंडी ठराव, आणि तो मायबोलीत

प्रत्येक टेकऑफपूर्वी इंजिन बंद पडल्यास काय करणार, हे इंग्रजीत म्हणून दाखवावे लागते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ते वाक्य पाढ्यासारखे पाठ करतो आणि मला शंभर टक्के खात्री आहे की पहिले दहा तास तरी त्याचा अर्थ त्याच्या हातापायांपर्यंत पोहोचत नाही. माझा तरी पोहोचत नव्हता. म्हणून घरी, खुर्चीवर बसून, हे आधी मराठीत म्हणा आणि हात हलवून म्हणा: "वेग वाढला नाही, आवाज बदलला किंवा दार उघडले आणि चाके जमिनीवर आहेत, तर थ्रॉटल मागे, ब्रेक, सरळ. चाके सुटली आहेत आणि पुढे धावपट्टी आहे, तर नाक खाली, तिथेच उतर. धावपट्टी संपली आहे, तर नाक खाली, समोरच्या तीस अंशांत मोकळे शेत." हे अंगवळणी पडले की इंग्रजी वाक्य नुसते पाठ राहत नाही.

८. थ्रॉटल पुढे नेल्यापासून ५०० फुटांपर्यंत

थ्रॉटल तीन सेकंदांत सावकाश पुढे न्या. नाक डावीकडे ओढले जाईल, उजवा रडर लागेल. धावपट्टी सोडून गवतात जाण्याचे प्रकार बहुधा येथेच होतात, कारण विद्यार्थी योक मोटारीच्या स्टिअरिंगसारखा फिरवतो. जमिनीवर दिशा पायांनी राखायची असते. टाचा खाली ठेवा, नाही तर नकळत ब्रेक दाबले जातात आणि धाव लांबते.

इंजिनाचे काटे हिरव्या पट्ट्यात आहेत, फेऱ्या पूर्ण आहेत आणि वेगदर्शक हलला आहे, हे तीन शब्दांत मोठ्याने म्हणा. वेगदर्शक हललाच नाही तर थांबा. सेस्ना १५२ ला ५० आणि १७२ एसला ५५ नॉटला नाक हलकेच उचला. जमिनीपासून पंखाच्या लांबीएवढ्या उंचीपर्यंत विमानाला जमिनीचा आधार मिळतो, त्यामुळे ते कमी वेगातही तरंगते. घाईने ओढलेले विमान त्या आधाराबाहेर गेले की वर चढत नाही, वेग वाढत नाही आणि नाक आणखी उचलले की स्टॉल होते, म्हणजे पंख विमानाला पेलेनासे होतात. चाके सुटल्यावर नाक किंचित खाली धरून १५२ ला ६७, १७२ एसला ७४ नॉट होऊ द्या, मग चढा.

दार उघडले तर विमान उडत राहते. आवाज भयंकर होतो, एवढेच. दाराकडे झेपावताना योक ओढला गेल्यामुळे झालेले अपघात दारामुळे झालेल्या अपघातांहून वाईट असतात.

टच-अँड-गो (उतरून न थांबता पुन्हा उडणे) करताना पुन्हा थ्रॉटल देण्यापूर्वी फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली उतरणाऱ्या पट्ट्या) वर आणि ट्रिम (नाकाचा कल धरून ठेवणारी योजना) टेकऑफच्या खुणेवर आणा. उतरण्यासाठी नाक-वर लावलेला ट्रिम तसाच राहिला तर पूर्ण शक्तीवर नाक इतक्या जोराने उसळते की दोन्ही हातांनी दाबावे लागते. पहिल्या सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) वेळी शेजारचे ८० किलो उतरलेले असतात, तेव्हा विमान लवकर उचलेल आणि झपाट्याने चढेल. दचकू नका, पण वेग सोडू नका.

९. इंजिन बंद पडले तर मागे वळण्याचा मोह

चढत्या विमानाचे इंजिन थांबले की नाक वर राहते आणि वेग डोळ्यांदेखत घटतो. पहिले काम नाक खाली करणे: १५२ साठी ६०, १७२ एससाठी फ्लॅप वर असताना ७० नॉट. बाकी सर्व नंतर.

मागे धावपट्टी दिसत असते, म्हणून मन तिकडे ओढते. हिशेब करून पाहा. ६५ नॉट वेगाने आणि ३० अंशांच्या कलाने वळल्यास वर्तुळाची त्रिज्या सुमारे २०० मीटर होते. १८० अंश फिरायला १८ सेकंद लागतात, आणि फिरून झाल्यावर तुम्ही धावपट्टीपासून ४०० मीटर बाजूला असता. म्हणजे आणखी वळून परत सरळ व्हावे लागते. दचकण्यातले चार सेकंद धरून अर्धे मिनिट जाते आणि मिनिटाला ७०० फूट घसरण धरली तरी ३५० फूट उंची खर्ची पडते, वळणातली जादा घसरण वेगळीच. लवकर वळावे म्हणून ४५ अंश कलवले तर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, आणि अशा वळणात स्टॉल झालेले विमान गिरकी घेऊन पडते. इन्स्ट्रक्टरांनी एखादी उंची ठरवून दिलेली नसेल तर सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीच्या) पहिल्या वळणापर्यंत मागे वळायचेच नाही, हे पक्के असू द्या.

समोर काय आहे, हे मात्र आधीच पाहून ठेवता येते. एखाद्या रविवारी दुचाकीवरून मुतगे, बाळेकुंद्री, सुळेभावी, होनिहाळ या गावांच्या शिवारातून फिरून या. शेतकऱ्याच्या घरातले असाल तर पीक पाहूनच जमीन ओळखाल. ज्वारी काढून झालेले रान किंवा भुईमुगाचे शेत बरे, चिखलणी केलेल्या भाताच्या वाफ्यात पुढचे चाक रुतून विमान उलटते, उभा ऊस वरून गादीसारखा भासतो पण तसा नसतो. नांगरट असेल तर सऱ्यांच्या दिशेने उतरावे. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. ३० मे २०२३ रोजी सांबऱ्याहून निघालेले एक दोन आसनी प्रशिक्षण विमान होनिहाळजवळच्या शेतात उतरवावे लागले होते आणि आतील दोघे किरकोळ जखमांवर सुटले.

१०. थांबल्यानंतर

शेतात उतरावे लागले तर टेकण्यापूर्वी दार किंचित उघडे ठेवा, इंधनाची कळ, मॅग्नेटो आणि शेवटी मास्टर स्विच बंद करा, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लांब जा. पाच मिनिटांत अर्धे गाव जमेल, त्यांत कोणाच्या तरी तोंडात बिडी असेल. सांबऱ्याच्या पूर्वेला बरेच लोक कन्नड बोलतात, म्हणून दोन्ही भाषांत ओरडता आले पाहिजे: "लांब राहा, आग लावू नका," आणि "दूर होगी, बेंकी हच्चबेडी." अपघात झालेले विमान तपास अधिकारी येईपर्यंत कोणालाही हलवू देऊ नका.

टेकऑफ धावपट्टीवरच सोडून दिला असेल तर टॉवरला सांगून बाहेर पडा, तापलेले ब्रेक निवू द्या आणि लगेच दुसरा प्रयत्न करू नका. शेपटी घासली, सीट सरकली, फेऱ्या पन्नासने कमी वाटल्या, असे काहीही घडले असेल तर इंजिनिअरला तोंडी सांगून थांबू नका. त्याच विमानाची पुढची पाळी ज्याची आहे तो विद्यार्थी किल्ली घेण्यापूर्वी दोषनोंदवहीत तारीख, वेळ आणि नेमके काय घडले ते स्वतःच्या अक्षरात लिहा.